पांढऱ्या सोन्याची धांव व वर्धा जिल्ह्याची घडण

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाची चौकशी करणारा गृहस्थ सामान्यतः पवनारास जातो व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तेथें मानिलेल्या वाकाटकांच्या प्रवरपुराच्या खुणा शोधतो. केळझरास जाऊन बकासुराची दंतकथा ऐकतो. आणि वाटेंत लागणाऱ्या मातीच्या गढ्या पाहून पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांचें स्मरण करितो. हीं स्थळें चौकशीस योग्य आहेत, यांत शंका नाहीं. परंतु ज्यास आज आपण वर्धा जिल्हा म्हणतों तो यांपैकीं कोणत्याही काळांत अस्तित्वांत नव्हता. सन १८६२ पूर्वीं ह्या नांवाचा जिल्हा नव्हता, आणि १८६६ पूर्वीं ह्या नांवाचें शहरही नव्हतें. जिल्हा, शहर, आगगाडी, गिरणी व सावकाराची पेढी ह्या सर्वांची उत्पत्ति एका पिकाच्या तेजींत आहे. तें पीक म्हणजे कापूस. ही उत्पत्ति कशी झाली, तेजी ओसरल्यावर मागें काय उरलें, आणि तिचा खरा वृत्तांत सांगणारे कागद कोठें असण्याचा संभव आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. सोन्याचा मुलूख व कापसाचा मुलूख

तुलनेसाठीं एक परदेशीय उदाहरण घेऊं. सन १८४८ च्या जानेवारीच्या २४ व्या तारखेस अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं कोलोमा येथें, लांकूड कापण्याच्या एका गिरणीच्या पाटांत, सोन्याचे कण सांपडले. बातमी फुटतांच जगाच्या चारी दिशांकडून लोक तेथें लोटले. दोनच वर्षांनीं, १८५० सालीं, त्या प्रांताचे २७ जिल्हे पाडण्यांत आले. त्यांपैकीं मारिपोसा नांवाचा डोंगराळ जिल्हा इतका विस्तीर्ण होता कीं, पुढें त्याचेच तुकडे पाडून इतर अनेक जिल्हे निर्माण करावे लागले. अशा मुलखाचा इतिहास बहुधा एकाच चालीनें चालतो. आधीं धनाचा शोध, मग माणसांची धांव, मग कचेऱ्या, रस्ते व बाजार. आणि शेवटीं खाणी आटल्या म्हणजे ओस पडलेलीं घरें.

आपल्या बाजूस खरें सोनें अगदींच नव्हतें असें नाहीं. वैनगंगेच्या खोऱ्यांत नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारी लोक प्रसिद्ध आहेत. परंतु त्या कणांनीं कोणताही जिल्हा वसला नाहीं. वर्ध्याच्या खोऱ्यांत मात्र काळ्या जमिनींतून जें धन निघालें, त्यास 'पांढरें सोनें' हें नांव लोकांनीं सहज दिलें. आणि त्या सोन्यामागें माणसें, पैसा व सरकार हीं तिन्ही धांवलीं. तुलना येथपर्यंत बरोबर जुळते. ती कोठें मोडते, हें पुढें दिसेल. आणि जेथें ती मोडते तेंच वर्धा जिल्ह्याचें खरें वैशिष्ट्य आहे.

२. तेजीपूर्वींचा मुलूख

ह्या प्रदेशाचे दोन स्वाभाविक भाग आहेत. वायव्येकडे आर्वी, आष्टी व कारंजा ह्या बाजूस सातपुड्याच्या शाखा उतरल्या आहेत; तेथें टेकड्या, गवताचीं रानें व चराईचा धंदा. शुभ्र वर्णाचे, अंगानें हलके व चालण्यास चपळ असे गवळाऊ जातीचे बैल ह्याच डोंगराळ भागांतले. दक्षिणेकडे व वर्धा नदीच्या कांठानें काळ्या जमिनीचें सपाट खोरें आहे. त्यांत कापूस, ज्वारी व गहू पिकत आले आहेत. नदीच्या पलीकडे वऱ्हाड. म्हणजे भोंसल्यांच्या काळीं हा सरहद्दीचा मुलूख होता, आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमींत गांवोगांव ज्या मातीच्या गढ्या उभारल्या गेल्या, त्यांचें कारणही पुष्कळ अंशीं हेंच.

कापूस येथें तेजीबरोबर आला असा समज कोणीं करून घेऊं नये. वणा नदीच्या कांठचें हिंगणघाट हें कापसाची पेठ म्हणून जुनें आहे, आणि त्या बाजूच्या 'बनी' जातीच्या कापसाचा धागा देशी कापसांत लांब व मऊ म्हणून नांवाजलेला होता. पुढें विलायतेंतील लिव्हरपूलच्या बाजारांत 'हिंगणघाट' हें कापसाच्या एका प्रतीचेंच नांव होऊन बसलें. परंतु माल बाहेर नेणें फार कष्टाचें होतें. नागपूर व वऱ्हाडकडील कापूस बणजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेंकडों मैल दूर मिर्झापुरास जाई आणि तेथून गंगेंतून नावांनीं कलकत्त्याकडे जाई. पुढें मुंबईची वाट वाहती झाली, तरी तीही बैलाचीच होती. वाटेंत माल भिजे, त्यांत धूळ मिसळे, आणि एक पावसाळा आडवा आला तर वर्ष फुकट जाई. तेव्हां शेतकरी घराला, गांवाला व जवळच्या कोष्ट्याला लागेल तितका कापूस पेरी व उरलेलें रान धान्यास ठेवी. कापूस त्याच्या शेतांत होता. त्याच्या डोक्यावर बसला नव्हता.

३. चार वर्षांची तेजी

सन १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत उत्तर व दक्षिण ह्यांमध्यें युद्ध जुंपलें व दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. त्यापूर्वीं इंग्लंडांतील गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकीं सुमारें चार पंचमांश माल अमेरिकेंतून येत असे. तो बंद होतांच लँकेशायरांतील गिरण्या थंडावल्या व हजारों मजूर उपाशी बसले. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनीं हिंदुस्थानांतून कापूस मिळविण्याकरितां एक मंडळी १८५७ सालींच काढिली होती. आतां तिच्या मागणीस धार चढली. हिंदी कापसाचा भाव पाहतां पाहतां तिप्पट-चौपट झाला.

मुंबईंत ह्या पैशानें काय केलें तें सर्वश्रुत आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या नांवाशीं निगडित झालेला शेअरांचा सट्टा, बॅक बेची समुद्र हटविण्याची योजना, रोज नवी निघणारी पेढी, हीं त्या काळाचीं चिन्हें होत. मालांत भेसळ व पाणी इतकें वाढलें कीं, १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसांतील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु ज्या रानांतून तो माल जाई, त्या रानांत काय झालें हें मुंबईच्या इतिहासांत सांपडत नाहीं. तेथें झालें तें असें. कापसाचें पीक उभें असतांच त्यावर रकमा मिळूं लागल्या. गांवच्या सावकारामागें हिंगणघाटचा अडत्या, अडत्यामागें नागपूर-कामठीची पेढी, व पेढीमागें मुंबईचा व्यापारी, अशी सांखळी लागली. ज्या कुळास पूर्वीं बी व खावटी सवाई-दिढीनें मिळे, त्यास आतां रोख रुपये मिळूं लागले. आणि रोख रुपयाबरोबर रोख व्याजही आलें.

४. सरकारची धांव

कॅलिफोर्नियांत आधीं माणसें धांवलीं व सरकार मागून आलें. येथें सरकारच पुढें होतें. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, आणि दुसऱ्याच वर्षीं नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग तोडून वर्धा हा नवा जिल्हा करण्यांत आला. नागपुराहून कारभार पाहण्यास हा मुलूख मोठा पडे, हें एक कारण खरें. परंतु ज्या खोऱ्यांतील कापसावर सर्वांचें लक्ष लागलें होतें, त्या खोऱ्यास स्वतःचा जिल्हा व स्वतःचा डेप्युटी कमिशनर त्याच वेळीं मिळाला, हें केवळ योगायोगाचें मानणें कठीण आहे. जिल्ह्याचें ठाणें प्रथम पुलगांवाजवळ कवठा येथें होतें. नंतर पालकवाडी नांवाच्या एका लहानशा खेड्याच्या जागीं नवें शहर आंखण्यांत आलें व १८६६ सालीं ठाणें तेथें हललें. नदीचें नांव जिल्ह्यास व जिल्ह्याचें नांव शहरास मिळालें. वर्धा शहर वस्तुतः नदीकांठीं नाहीं, हें ज्यांस चमत्कारिक वाटतें त्यांस त्याचा उलगडा येथें होईल.

ह्या जिल्ह्याची पहिली जमाबंदी हॅरी रिव्हेट-कार्नाक ह्या अधिकाऱ्यानें केली. हाच गृहस्थ पुढें मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा कापूस-कमिशनर झाला. संशोधकांस तो दुसऱ्या एका कारणानें परिचित असेल: नागपुराजवळ जुनापाणी येथील पाषाणवर्तुळें उकरून त्यांचें वर्णन करणारा तोच. एकाच माणसाच्या हातीं जमिनीचा आकार ठरविणें, कापूस विलायतेस पोंचविणें व प्राचीन थडगीं उकरणें हीं तिन्ही कामें होतीं, ही गोष्ट त्या काळाच्या राज्यकारभाराची चांगली ओळख करून देते.

माल समुद्रापर्यंत नेण्याच्या दोन योजना एकाच वेळीं चालू होत्या. सर आर्थर कॉटन यांचा आग्रह असा कीं, गोदावरी, प्राणहिता व वर्धा ह्या नद्यांचाच जलमार्ग करावा व कापूस नावांनीं पूर्व किनाऱ्यास न्यावा. गोदावरींत खडकांचे अडथळे होते. ते चुकविण्यासाठीं दुम्मागुडेम वगैरे ठिकाणीं बंधारे व कालवे यांचीं कामें पुष्कळ वर्षें चाललीं, पण शेवटीं १८७१ सालीं तीं सोडून देण्यांत आलीं. दुसरी योजना आगगाडीची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळाहून वऱ्हाड व वर्धा ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचला. त्यानंतर १८७० च्या दशकांत वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फांटा गेला. पुलगांव ते आर्वी हा सुमारें ३५ किलोमीटरांचा अरुंद मार्ग त्यामानानें फार उशिरां, १९१७ सालीं, सुरू झाला. डोंगराकडील कापूस खालीं आणणारी ती गाडी आतां बंद पडली आहे.

५. सर्व कांहीं उशिरां आलें

येथें वाचकांनीं सालांकडे लक्ष द्यावें. अमेरिकेंतील युद्ध १८६५ च्या एप्रिलांत संपलें. त्याच वर्षीं जुलैच्या पहिल्या तारखेस मुंबईचा सट्टा कोसळला. वर्धा शहर वसलें १८६६ सालीं, आणि आगगाडी आली १८६७ सालीं. म्हणजे तेजीच्या काळांत जो कापूस गेला तो बंडीवरून व बैलाच्या पाठीवरून गेला. आणि तेजीसाठीं जें जें उभारलें तें तेजी संपल्यावर पुरें झालें. सोन्याचा मुलूख असता तर येथेंच कथा संपली असती. भाव उतरला, लोक उठून गेले, व पालकवाडी पुन्हां पालकवाडी झाली, असें आपण लिहिलें असतें.

परंतु तसें झालें नाहीं. खाण आटते, काळी जमीन दरसाल पुन्हां पिकते. आगगाडीनें वाहतूक स्वस्त केली, १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला, १८७० सालीं समुद्रांतील तारेनें मुंबई विलायतेशीं जोडली गेली. भाव पूर्वींच्या निम्म्यावर आला तरी माल जाऊं लागला, आणि लिव्हरपूलचा भाव हिंगणघाटास थोड्याच दिवसांत कळूं लागला. १८७७ सालीं जमशेटजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. १८८१ सालीं हिंगणघाटास गिरणी निघाली. शतक संपण्यापूर्वीं पुलगांवासही निघाली. सरकी काढण्याचा घरचा रेचा बाजूस पडला व गांवोगांव जिनांच्या धुरांड्या उभ्या राहिल्या. तेजी चार वर्षांची होती. तिनें लावलेली व्यवस्था शतकाहून अधिक टिकली. सोन्याच्या जिल्ह्याशीं वर्ध्याची तुलना मोडते ती येथें.

त्याचें मोल कोणीं दिलें? पहिलें मोल दिलें खुद्द हिंगणघाटच्या कापसानें. गिरणीस वजन हवें होतें. बनीचा धागा लांब, पण रुईचा उतारा थोडा व पीकही नाजूक. आंखूड व जाड धाग्याचा, परंतु उतारा अधिक देणारा कापूस शेतकऱ्यास परवडूं लागला. बाजारांतही दोन्हींच्या भावांत पुरेसें अंतर राहिलें नाहीं. एकोणिसावें शतक सरतां सरतां जुना हिंगणघाटी कापूस जवळजवळ लुप्त झाला. ज्या मालानें गांवाचें नांव परदेशीं गेलें तो माल गेला, व नांव मात्र बाजाराच्या पाटीवर राहिलें.

दुसरें मोल दिलें कुळांनीं. जमाबंदींत मालगुजारास गांवाची मालकी मिळाली. आणि मालकी मिळाली म्हणजे ती गहाण ठेवितां व विकतां येऊं लागली. भोंसल्यांच्या काळीं पाटील कर्जबाजारी झाला तरी त्याचें गांव लिलांवांत निघत नसे. आतां तें निघूं लागलें. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत, ज्वारीचें रान कापसास दिलेल्या मुलखाची खरी परीक्षा झाली. १८९१ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ४ लक्ष होती. १९०१ सालीं ती ३ लक्ष ८५ हजारांवर उतरली. हा आंकडा कोणत्याही वर्णनाहून अधिक बोलका आहे.

ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे पुढील एका घटनेचा अर्थही अधिक स्पष्ट होतो. १९३४ सालीं महात्मा गांधी वर्ध्यास आले व १९३६ सालीं शेगांवीं राहूं लागले. त्या गांवास पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. त्यांस येथें आणणारे जमनालाल बजाज हे ज्या घराण्यांत दत्तक आले, तें बच्छराज यांचें घराणें ह्याच पेठेंतील पेढीवालें होतें. ज्या शहरास कापूस बाहेर पाठविण्यासाठीं जन्म मिळाला, तेंच शहर कापूस घरीं कांतावा ह्या मताचें केंद्र झालें. आणि २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं साह्याची विशेष योजना केली, त्यांत वर्धा होता. १८६१ सालीं लागलेली सांखळी अद्यापि तुटलेली नाहीं.

६. कागदांचा प्रश्न

आतां संग्राहकांस विनंती करावयाची आहे. वरील वृत्तांतास जीं साधनें उपलब्ध आहेत, तीं बहुतेक एकाच बाजूचीं आहेत. जमाबंदीचे अहवाल, कापूस-कमिशनरचे वार्षिक वृत्तांत, १९०६ सालीं रसेल यांनीं प्रसिद्ध केलेलें जिल्ह्याचें गॅझेटियर, हीं सर्व सरकारी व इंग्रजी. किती एकर पेरा झाला, किती गांठी गेल्या, हें त्यांत मिळतें. कोणत्या कुळानें कोणत्या अटीवर उचल घेतली, हें मिळत नाहीं. तें ज्या कागदांत आहे ते कागद मोडींत, नागरींत किंवा महाजनींत लिहिलेले असून जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत व पेढ्यांच्या माळ्यांवर असण्याचा संभव आहे. मालगुजारीच १९५१ सालीं संपुष्टांत आली असल्यामुळें ह्या दप्तरांचा घरच्यांस कांहींच उपयोग राहिलेला नाहीं. वाडे पडत आहेत, आणि दप्तर रद्दीच्या भावानें जातें.

आमच्या संग्राहकांची दृष्टि सनदेवर, महजरावर व शिक्क्याच्या पत्रावर असते. १८१८ नंतरचा कागद दिसला म्हणजे 'हा तर इंग्रजींतला' असें म्हणून तो बाजूस टाकला जातो. वर्धा जिल्ह्यापुरतें तरी हें धोरण आपल्याच इतिहासावर बोळा फिरविणारें आहे. पुढील कागद हातीं आल्यास ते सोडूं नयेत: पहिल्या जमाबंदीच्या वेळीं गांवगन्ना तयार झालेले वाजिब-उल-अर्ज, ज्यांत गांवच्या वहिवाटी लिहिल्या आहेत, मालगुजारीचे पट्टे, कापसाच्या उभ्या पिकावर घेतलेल्या उचलीचीं खतें, पेढीचे रोजमेळ व खतावण्या, हुंड्या, बंडीभाड्याचे हिशेब, आणि जिनांच्या पावत्या.

परीक्षेसंबंधानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, फसली सन. दक्षिणेकडील व उत्तरेकडील फसली गणनेंत सुमारें दोन वर्षांचें अंतर पडतें, आणि हा मुलूख दोहोंच्या सीमेवरचा. तेव्हां केवळ फसली आंकड्यावरून इसवी सन ठरवूं नये, तिथि-वार पंचांगाशीं ताडून पाहावे. दुसरी, मुद्रांकित कागदाच्या मागील बाजूस विक्रीची तारीख व विकणाराची नोंद असते. ती मजकुराच्या तारखेशीं जुळते कीं नाहीं हें पाहावें. तिसरी व मुख्य, बासन फोडूं नये. एकटें खत म्हणजे एक कर्ज. परंतु एकाच घरचीं वीस वर्षांचीं खतें क्रमवार मिळालीं, तर १८६३ चा रुपया १८६६ सालीं कोणास कसा फेडावा लागला हें त्यांतून बाहेर पडेल. विक्रेते सुंदर अक्षराचे कागद निवडून बाकीचे टाकून देतात. ह्या विषयांत टाकलेलेच अधिक मोलाचे असण्याचा संभव आहे.

पवनारच्या उकिरड्यांत सांपडलेलें नाणें आपण जपून ठेवितों, कारण त्यावरून एका राजाचें नांव कळतें. हिंगणघाटच्या माळ्यावरील बहीवरून, जीं नांवें कोणत्याही नाण्यावर कधींच पडलीं नाहींत, तीं कळतील. तीं ज्यांचीं आहेत, त्यांच्या कष्टावर हा जिल्हा उभा राहिला. बही आणखी एका पावसाळ्यांत भिजण्यापूर्वीं कोणीतरी तो माळा चढून जावें, एवढीच अपेक्षा आहे.